हरणाबाईनं सांगितलं म्हणून

हरणाबाई जत तालुक्यातल्या धनगराच्या घरची. नवरा बाळासो मेंढरं घेऊन वर्षाचा निम्मा काळ रानोमाळ, त्यामुळं घर, ज्वारी, टँकरचं पाणी सगळं हिनंच रेटलं. पाळी गेली तेव्हा अंगातनं वाफा निघायच्या, झोप उडायची, गुडघे बोलायचे. पण बाई काय खूश होती म्हणता! कारण त्यांच्या भावकीत बिरोबाच्या जत्रेचा नैवेद्य पाळी गेलेल्या बाईनंच रांधायचा, आणि तो मान आता तिच्याकडं आला होता.

पाच-सहा वर्षं तिनं तो मिरवला. आणि यंदा ऐन जत्रेच्या सकाळी लुगड्यावर डाग!

दुसरी असती तर गप चुलीपुढं बसली असती. कोण बघायला येतंय? पण हरणाबाईला देवाशी खोटं जमायचं नाही. चूल पाळी गेलेल्या जावेच्या हवाली करून ती गोठ्यापाशी जाऊन बसली. डोळ्यांना नुसती धार.

"माजंच कायतरी चुकलं गं," ती सुनेला म्हणाली. "देवानं मान काढून घेतला."

सून राणी एरवी सासूपुढं ब्र काढायची नाही. त्या दिवशी तिनं पदरच खोचला.

"आत्या, देवाला कशाला मधी आणताय? एकदा गेलेली पाळी अशी परत येत न्हाई. दवाखान्यात चला."

"दोन दिसांत थांबंल की," बाळासो गुरगुरला.

आणि खरंच थांबलं! हरणाबाईला हायसं वाटलं. राणी मात्र हटून बसली, आणि सासूला एसटीत घालून मिरजेला घेऊन गेली.

गर्भाच्या पिशवीतला तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर. ऑपरेशन करून पिशवी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलात. पिशवीच्या बाहेर पसरला नव्हता. आता तपासणीला तेवढं येत राहा."

त्या गेल्या तसा हरणाबाईनं सुनेचा हात घट्ट धरला. "राणे, तुजं लय उपकार झालं. मला परत जन्म दिलास बघ."

राणी इतके दिवस दगडासारखी उभी होती. आता ढसाढसा रडायलाच लागली.

"उपकार तुमचं, आत्या. तुमी सांगितलं तरी. माज्या आयला असंच झालं हुतं. तिनं शेवटपतूर कुणाला सांगितलंच न्हाई."