जावयांना विचारायचं कसं

दिवाळी सोडून एरवी फराळ पाठवणाऱ्या माणसांकडे मी जरा निरखून बघते. परदेशी पार्सलं पाठवायचा माझा धंदा आहे, कर्वेनगरला छोटं दुकान आहे, आणि वर्षभरात काय, कधी आणि कोणाकडे जातं ते मला पाठ झालंय. ऑक्टोबरात चकली आणि अनारसे, मेमध्ये लोणचं-पापड, जुलै-ऑगस्टमध्ये शिकायला गेलेल्या मुलांचे कुकर आणि ब्लँकेटं. मार्चमध्ये भाजणी कोणी पाठवत नाही. म्हणून आमच्याच सोसायटीतले काका मार्चमध्ये भाजणीचा डबा घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मी हातातलं बिल बाजूला ठेवलं.

काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरचा खर्चसुद्धा पावतीशिवाय मंजूर होऊ न देणारे. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन आखातातल्या एका शहरात राहते आणि तिथे नोकरी करते. जावयांचा व्यवसाय आहे. कसला, असं विचारलं की काका ‘सिक्युरिटी लाइन’ एवढंच सांगत, आणि तेही जरा मान झुकवून.

त्याआधी दोन पार्सलं गेली होती. जानेवारीत तिळाच्या वड्यांबरोबर एक काळी रबरी वाटी होती, नरसाळ्यासारखी, घड्याघड्यांची. पक्षी बघायच्या दुर्बिणीला डोळा टेकवताना लागते, असं काकांनी सांगितलं. फेब्रुवारीत चिवड्याबरोबर धातूचा एक क्लँप. तोही दुर्बिणीचाच. वाघोलीकडच्या कुठल्याशा वर्कशॉपमधून स्कूटरवर एक माणूस येई आणि वस्तू काकांच्या हातात देऊन जाई. मग जावयांचा फोन येई, फराळाबरोबर टाकून द्या, वेगळं कुरिअर कशाला. पाठवणारे काका, घेणारी त्यांची मुलगी. जावयांचं नाव पार्सलावर कुठेच नसे. हे मला फेब्रुवारीतच खटकलं होतं, पण पुरुषांना आपल्या नावाने काही मागवायचं नसतं, बायकोच्या नावाने सगळं घरी येतं, हेही मी रोज बघते.

तिसऱ्या वेळी काकूही बरोबर होत्या. भाजणी त्यांनी स्वतः भाजून, गिरणीत उभं राहून दळून आणली होती आणि ती कशी बांधली जाते हे त्यांना बघायचं होतं. पिठाचे डबे मी तसेच पाठवत नाही, वाटेत झाकण उघडतं. पीठ काढून पिशव्यांत सील करते. मी डबा परातीत उपडा केला आणि पिठाच्या ढिगातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी टणक परातीवर आपटलं.

काकूंनी आधी परातीकडे बघितलं, मग काकांकडे.

“माझ्या भाजणीत हे कोणी खुपसलं?”

काका म्हणाले की वस्तू नाजूक आहे, पिठात धक्का लागत नाही, असं जावयांनीच सुचवलं होतं. काकू म्हणाल्या, म्हणजे काल मला लवकर झोपायला पाठवलंत ते यासाठी.

मी प्लॅस्टिक सोडलं. वीतभर लांबीची काळी नळी, हातात घेतल्यावर वाटेल त्याहून जड. एका टोकाला आटे. दुसऱ्या टोकाला काच होती, पण तिच्यातून आरपार दिसत नव्हतं. करडी, चकचकीत, आरशासारखी. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. नंबर असायला हवा तिथे कानशीने घासल्यासारखा एक पांढरट चौकोन.

तशी काच मी एकदा फोटोत बघितली होती. कुरिअर कंपनी आम्हा एजंटांना दरवर्षी बोलावून काय घ्यायचं नाही ते शिकवते. बहुतेक जण चहा आणि बिस्किटांसाठी येतात. मी लिहून घेते. सरकारची एक यादी आहे. शस्त्रं, त्यांचे सुटे भाग, नेम धरायची उपकरणं, अंधारात माणसाच्या अंगाची ऊब बघून त्याला दाखवणाऱ्या दुर्बिणी, असं बरंच काही त्या यादीत आहे. यातली एखादी वस्तू, पूर्ण असो की तुकड्यांत, परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि परवानगी मागताना सांगावं लागतं की शेवटी ती वापरणार कोण आणि कशासाठी. तसं वापरणाऱ्यानेच सही करून द्यायचं असतं. अंधारात बघणाऱ्या दुर्बिणीची काच अशीच करडी असते, असं त्या दिवशी पडद्यावर दाखवलं होतं.

मग मला रबरी वाटी आठवली. कॉलेजात मी एनसीसीत होते. आम्हाला रायफल चालवायला न्यायचे तेव्हा सुभेदार एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायचे, डोळा मागे ठेवा, नाहीतर भुवई फुटेल. ती वाटी एवढी लांब आणि घडीची होती ती धक्का पचवायला. पक्षी बघणाऱ्याच्या दुर्बिणीला धक्का कोण देतंय? आणि क्लँप. तो झाडाच्या फांदीला नाही, रायफलवर बसवायचा होता. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. डोळ्याला टेकायचा भाग, खाली बसवायचा भाग आणि आता मधली नळी. दर महिन्याला एकेक.

“काका, हे काय आहे?”

“दुर्बिणीचा भाग. जावयांना पक्ष्यांचा नाद आहे.”

“नाद?” काकू म्हणाल्या. “गेल्या मे महिन्यात इथे आले होते तेव्हा कोकिळा ओरडत होती, तर मला विचारलं, आई, हा कावळा इतका का ओरडतोय.”

मी यादीचं सांगितलं. हे पार्सल मी घेणार नाही हेही सांगितलं. मग म्हटलं, निदान एवढं तरी जावयांना विचारा, की हे वापरणार कोण आणि कशासाठी. समजा उत्तर साधं असेल, तर रीतसर परवानगी काढायचा रस्ता आहे, मी माणूस गाठून देते.

काका खुर्चीत बसले. चष्मा पुसला. मग म्हणाले, “जावयांना असं विचारायचं कसं? संशय घेतल्यासारखं होतं.”

“संशयच घ्यायचाय, काका.”

“तुम्हाला घ्यायला सोपं आहे. तुमचे नाहीत ते.”

हे खरंच होतं. जावई आले की काका स्वतः आंबे निवडून आणत. गेल्या अधिक महिन्यात ते येऊ शकले नाहीत, तर अनारसे आणि चांदीचं निरांजन माझ्याच दुकानातून गेलं होतं. जावयांचा फोन आला की काका बसलेले असले तर उठून उभे राहून बोलत. हे मी माझ्या काउंटरवर बघितलंय. मुलीच्या लग्नाला झालेल्या आठ वर्षांत या माणसाने जावयांना, तुमचा धंदा नेमका काय, हे विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे मुलीचं कसं चाललंय याची शंका काढणं, आणि शंका काढली की मुलीला ऐकून घ्यावं लागेल, असा त्यांचा हिशेब.

मी म्हटलं, बँकेत असताना तुम्ही कर्ज देताना विचारत होतात ना, पैसे कशाला हवेत म्हणून? नंतर माणूस पाठवून बघतही होतात, मशीन खरंच घेतलं की लग्नात उडवले.

“ते वेगळं.”

“वेगळं काय त्यात,” काकू हातावरचं पीठ झटकत म्हणाल्या, “एवढंच की तेव्हा कर्ज मागायला जावई आले नव्हते.”

काकांनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकर लावूनच बोलतात, आणि त्या दिवशीही सवयीने लावला. उभे राहिले. आधी हवापाणी झालं, मग जावयांच्या कंबरदुखीची चौकशी, मग तुम्ही कामात नाही ना, हे दोनदा. मला वाटलं आता ठेवतात. पण मग ते म्हणाले की ती वस्तू पाठवायला आलोय, तर इथे विचारतायत की तिचा उपयोग कोण करणार, म्हणजे त्यांची आपली एक पद्धत असते.

जावयांनी उलट विचारलं,

“बाबा, डबा कोणी उघडला?”

मी काकूंकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे. पक्ष्यांचा नाद असलेला माणूस आधी पक्ष्यांचं नाव घेतो. काका म्हणाले, उघडला म्हणजे, पॅकिंगसाठी. जावई समजुतीच्या आवाजात बोलू लागले. ते दुकान सोडा. जरा लांबचं एखादं बघा, शहराबाहेरचं, लोणी काळभोरला वगैरे, तिथे कोणी बघत बसत नाही. आणि या वेळी पाठवणाऱ्याच्या जागी आईंचं नाव घाला.

काकांचा हात फोनसकट खाली आला. मग त्यांनी तो पुन्हा तोंडाजवळ नेला.

“माझं नाव का नको?”

“तुमच्या नावाने दोनदा गेलंय ना. तीनदा झालं की ते लोक बघतात.”

“आणि घेणाऱ्याचं नाव? ते तिन्ही वेळा माझ्या मुलीचं आहे.”

जावई म्हणाले की तुम्ही उगाच ताण घेताय, मी रात्री बोलतो. फोन बंद झाला. काका अजून उभेच होते. काकूंनी त्यांना दंडाला धरून बसवलं आणि पहिल्यांदाच मला त्या माणसाचं वय दिसलं.

काकांचं म्हणणं, नळी वर्कशॉपला परत देऊन टाकू आणि विषय संपवू. मी म्हटलं, परत दिलीत की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या तरी भाजणीतून जाईल. सरकारी कार्यालयात नेऊन द्यायची आणि आधीच्या दोन पार्सलांचंही सांगायचं. मला तर सांगावंच लागणार होतं, ती माझ्या दुकानातून गेली होती.

“म्हणजे मुलीचं नाव तुम्ही त्यांच्या हातात देणार.”

“ते दोन पावत्यांवर आहेच, काका. आपण दिलं नाही तर ते शोधून काढतील, आणि मग तिला कोणी विचारणार नाही की तुला माहीत होतं का.”

 काकूंनी काकांच्या हातातून फोन घेतला आणि मुलीला लावला. ती ऑफिसात होती. काकूंनी प्रस्तावना केली नाही. भाजणी, नळी, क्लँप, वाटी, सगळं एका दमात सांगितलं आणि विचारलं, यातलं तू काय बघितलंस. मुलगी म्हणाली की वड्या मिळाल्या, चिवडा मिळाला, बाकी काही नाही. पार्सल इमारतीच्या वॉचमनकडे येतं, नवरा वर आणतो, मोबाइलवर सही फक्त ती करते.

खरं सांगायचं तर मला तिचंही पटकन पटलं नाही. सही करणारा माणूस निदान वजन तरी बघतो. पण मग ती म्हणाली, “तुम्ही त्याच्याशी बोललात? माझ्या आधी?” आणि त्यानंतर तिच्या आवाजात जे आलं ते मुद्दाम आणता येणारं नव्हतं. नवरा संध्याकाळी घरी येणार होता. त्याला ठाऊक होतं की पुण्यात डबा उघडला गेलाय. तिला ठाऊक आहे की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिने आईला विचारलं, मी काय चेहऱ्याने दार उघडू?

काकू म्हणाल्या, “नेहमीच्या. आणि आजपासून कशावरही सही करू नकोस. चकली आली तरी.”

थोड्या वेळाने तिचाच फोन आला, या वेळी रस्त्यावरून; मागे गाड्या ऐकू येत होत्या. बाबांना दे म्हणाली. माझं नाव लिहा, म्हणाली, मी स्वतः लिहून पाठवते, काय आलं, कोणी घेतलं, सही कोणी केली. काका फक्त हो, हो म्हणत राहिले.

अर्ज काकांनी घरी बसून लिहिला, बँकेच्या वळणाचा, एक शब्द इकडे-तिकडे नाही. त्यांच्या मुलीचं निवेदन मेलवर आलं होतं ते जोडलं, माझ्या दोन पावत्यांच्या प्रती जोडल्या. मी बरोबर गेले. तिथल्या अधिकारी बाई वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी नळी उजेडात धरून बघितली, घासलेला चौकोन बघितला, आणि काकांना विचारलं की तीन महिने हे पाठवताना तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, हे काय आहे म्हणून? काकांनी तेच सांगितलं, जावयांना विचारायचं कसं.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या, “आता आम्ही विचारू.”

तपासणीला वेळ लागेल असं त्यांनी सांगितलं. वाघोलीच्या वर्कशॉपचा पत्ता काकांकडे नव्हता, स्कूटरवरच्या माणसाचा नंबर होता, तो बंद लागला. माझ्या दुकानात दोन माणसं येऊन जुन्या पार्सलांच्या नोंदी तपासून गेली. मी सगळं काढून दिलं. त्यानंतर त्या दोघांपैकी एक जण ग्राहक असल्यासारखा पुन्हा येऊन गेला, असं मला अजून वाटतं. त्याने लोणच्याचे दर विचारले आणि काहीच पाठवलं नाही.

काकांची मुलगी एप्रिलमध्ये आली. नवऱ्याला तिने आईची तब्येत बरी नाही असं सांगितलं होतं, आणि तोच तिला विमानतळावर सोडायला आला होता. लोहगावहून टॅक्सी तिने घरी न नेता आधी माझ्या दुकानापुढे थांबवली. काका-काकू तिथेच वाट बघत होते. तिने आईला मिठी मारली, वडिलांच्या पाया पडली, आणि मग मोठी बॅग माझ्या काउंटरवर चढवली.

“मावशी, तुम्ही उघडून बघा. मी बाहेर गेले होते तेव्हा त्याने भरून ठेवली होती. म्हणाला, तुला मदत.”

काका म्हणाले, अगं, घरी जाऊन बघू. तिने मान हलवली. घरी न्यायची नाही म्हणाली, आधी इथे.

मी शटर अर्धं ओढलं आणि बघायला लागले. कपड्यांच्या घड्या उलगडल्या, चपलांमध्ये हात घातला, शाम्पूच्या बाटल्या उन्हात धरल्या, खजुराचं खोकं सोडलं, एकेक पाकीट दाबून बघितलं. केस वाळवायचं मशीन होतं, त्याचं झाकण स्क्रू काढून उघडलं. बॅगेचं अस्तर बोटांनी चाचपलं, चाकांपर्यंत. काकू प्रत्येक वस्तू माझ्या हातातून घेऊन पुन्हा बघत होत्या. काका दाराकडे तोंड करून उभे होते.

“काही नाही,” मी म्हटलं.

ती बॅगेकडे बघत होती. आनंद झाल्यासारखी दिसली नाही.

“परत एकदा बघता?” ती म्हणाली.

मी सगळं पुन्हा बाहेर काढलं.