छदाम लागत नाही

टाळी वाजवल्याशिवाय हा गृहस्थ कोणाच्या घरात बसत नसे. चपला काढायच्या, खोलीच्या मधोमध उभं राहायचं, फाडकन एक टाळी वाजवायची आणि कान टवकारून म्हणायचं, "तुमची खोली ओरडतेय, भाऊ." यजमान बिचारा पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसाच उभा.

तेव्हा जळगावात ज्याच्या त्याच्या घरी टेपरेकॉर्डर आणि दोन मोठे स्पीकर येऊ लागले होते. हा माझ्याच ऑफिसातला, आणि कॉलनीत आमची-त्याची भिंत एकच. सुटीच्या दिवशी तो लोकांच्या घरचा आवाज सुधारायला निघायचा, न बोलावता. स्पीकर कोपऱ्यातून ओढ, विटांवर चढव, कानाच्या उंचीला आण, तोंड ऐकणाऱ्याकडे वळव. "छदाम लागत नाही!" हे त्याचं पालुपद. चहा मात्र दोनदा लागायचा.

आमच्याकडेही त्याने लोखंडी कपाटावरचे स्पीकर खाली उतरवले. खोटं कशाला बोलू, आवाज सुधारला. मला त्याचा जास्तच राग आला.

त्याच्या घरचा थाट तर पाहायलाच हवा होता. भिंतीभिंतीवर गोधड्या टांगलेल्या, वहिनींच्या माहेरून, असोद्याहून आलेल्या. उघड्या भिंतीवर आवाज आपटून परत येतो म्हणे. स्पीकरचं पोट पोकळ वाजतं म्हणून वहिनींची उशी उसवून तिचा कापूस आत कोंबलेला. समोर एकच खुर्ची. गाणं नीट ऐकू येतं ते फक्त तिथे, आणि तिथे बसणार हा. खिडक्या बंद, कारण रस्ता ऐकू येतो. कुलर बंद, कारण तो घुरघुरतो. मे महिन्यात, जळगावात! आमच्याकडे त्या दिवसांत कुत्रीसुद्धा नळाखालची जागा सोडत नाहीत.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात बसून पदराने वारा घ्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, तुमीच सांगा याहिले. मले गानं नको, वारा पाहिजे." तो डोळे मिटूनच म्हणाला, "ही कॅसेट संपू दे." कॅसेटला दुसरी बाजू होती, हे सांगायला नकोच.

अक्कलशून्य माणूस पाहावा तर असा. गावभर फुकटचा आवाज वाटत हिंडला, आणि घरात त्यापायी कोण भाजून निघतंय, ते याच्या तयार कानांना ऐकू आलं नाही.

शेवटी एका दुपारी वहिनी घेरी येऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा भाऊ असोद्याहून केळीचा टेम्पो घेऊनच आला. भिंतींकडे पाहत तो बहिणीला म्हणाला, "चाल बाई. मायनं गोधड्या तुले देल्या, भितीले नाही." गोधड्या भराभर उतरल्या. वहिनी टेम्पोत बसल्या त्या मागे न बघता.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडचं गाणं बंद झालं आणि कुलरची घुरघुर सुरू झाली. दिवसभर, तो ऑफिसात असतानाही. मग एकदा तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. टाळी वाजवली नाही.

"भाऊ, तुमचं असोद्याला जाणं होतं. तिला म्हणावं, कुलर लावलाय. चालूच ठेवतो."

"तुम्हीच जा की," मी म्हणालो. "चुकलो म्हणायला छदाम लागत नाही."

तो काही गेला नाही. त्याच वर्षी त्याची धुळ्याला बदली झाली. मी घरातूनच, खिडकीशी बसून पाहत होतो. ट्रकमध्ये चढवताना स्पीकर वर्तमानपत्रांत गुंडाळले होते. कुलर मात्र त्याने स्वतः उचलून, दोरीने नीट बांधून घेतला. मग कुलूप लावण्याआधी तो पुन्हा आत गेला, आणि भिंतीपलीकडून मला एक टाळी ऐकू आली. रिकाम्या खोलीत ती केवढी तरी घुमली. त्या माणसाची मला पहिल्यांदाच दया आली. मी उठून बाहेर येईपर्यंत ट्रक निघून गेला होता.