विश्रामबागेतलं मैदान

माझी मुलगी पहिलीत गेली तरी घराबाहेर तिच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता. घरी, इस्लामपुरात, ती आम्हा दोघांना बोलू द्यायची नाही इतकी बडबडी. शाळेच्या फाटकात पाय टाकला की आवाज बंद. बालवाडीची वर्षं तशीच गेली. मग एक दिवस वर्गात कपडे ओले झाले, कारण "बाई, जाऊ का?" एवढं विचारणंही तिला जमलं नाही. बाईंनी मला बोलावलं. "हिला वाचता येतं की नाही, तेच मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"लाजरी हाय गं. बोलंल की. मुकी थोडीच हाय?" हे सासूबाईंचं मत. मला ते पटायचं बंद झालं होतं.

सांगलीला विश्रामबागेत लहान मुलांच्या समुपदेशक मॅडम बसतात. त्यांनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं. हा हट्ट नाही, लाजणंही नाही, ही भीती आहे. "बोल, बोल" म्हणून मागं लागलं की घसा आणखी आवळतो. उपाय असा, की त्यांच्या खोलीत आम्ही दोघींनीच खेळायचं. मुलगी माझ्याशी बोलायला लागली की मॅडमनी खुर्ची थोडी थोडी जवळ आणायची. आधी दाराबाहेर, मग उंबऱ्यात, मग आत. मला अट एकच होती. प्रश्न विचारायचा नाही. ती काय करतेय ते फक्त सांगत राहायचं.

मी एका पतसंस्थेत हिशेब तपासते. माझं पोटच प्रश्नांवर चालतं. घरी सराव केला तेव्हा ह्यांनी शेजारी बसून माझे प्रश्न मोजले, तर दहा मिनिटांत एकतीस. हा रंग कुठला, बाहुली कुठं निघाली, तिला भूक लागलीय का.

"अगं, खेळ चाललाय की ऑडिट?" हे म्हणाले.

प्रश्न वजा केले तर माझ्याकडं काही शिल्लकच राहिना. "तू लाल ठोकळा घेतलास. तू निळा ठोकळा घेतलास."

"आई, मला दिसतंय," मुलगी म्हणाली.

मग तिनं बाहुली आणि कापडी अस्वल एकमेकांवर आपटायला सुरुवात केली, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. गावच्या यात्रेतल्या कुस्त्या मी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिल्या आहेत. कर्ण्यावरचा निवेदक कुणाला प्रश्न विचारत नाही. दिसतं ते सांगतो, आणि अख्खं मैदान श्वास धरून ऐकतं.

"मंडळी, अस्वलानं सलामी दिलेली आहे. बाहुलीनं शड्डू ठोकलेला आहे. दोन्ही पैलवान तोलामोलाचे आहेत."

मुलगी आधी बघत राहिली. मग तिनं अस्वलाला ताठ उभं केलं आणि म्हणाली, "परत सांग."

एव्हाना स्वयंपाकघरात गेलेल्या ह्यांची हाक आली, "पैलवान, चहा घेणार का?"

"अहो, प्रश्न चालत नाहीत," मी म्हटलं.

तेव्हापासून दर शनिवारी विश्रामबागेत आमचं मैदान भरायला लागलं. दार बंद असलं की ती खिदळायची, दार उघडलं की कुजबुजायची आणि मॅडम उंबऱ्यात आल्या की गप्प व्हायची. पण खेळ थांबवायची नाही, ही जमेची बाजू. उंबऱ्यापासून आमच्या सतरंजीपर्यंत सहा फरशा होत्या. मॅडम तिच्याकडं न बघता कागद कातरत बसायच्या आणि एखाद्या शनिवारी खुर्ची एक फरशी पुढं आणायच्या. कधी खुर्ची तेवढीच पुन्हा मागं जायची. त्याला त्यांची ना नसायची.

अशाच एका शनिवारी खुर्ची आमच्यापासून तीन फरशांवर होती. मी रंगात आले होते. अस्वलानं ढाक डाव टाकलेला आहे, बाहुलीचा तोल गेलेला आहे, आणि बाहुली चितपट.

"चितपट नाही," मुलगी म्हणाली. "एकच खांदा टेकलाय."

घरच्यासारखा मोकळा आवाज होता. मॅडम तीन फरशांवर बसलेल्या होत्या.

बोलली तर कौतुक करायचं नाही, टक लावून बघायचं नाही, हे मॅडमनी आधीच बजावलं होतं. का, ते मला त्या क्षणी कळलं. मी तिला जवळ ओढून घेतलं असतं तर सगळ्या खोलीचं लक्ष तिच्या तोंडाकडं गेलं असतं. माझ्या छातीत हलगी वाजत होती. तरी मी म्हणाले, "मंडळी, पंचांनी निर्णय मागं घेतलेला आहे. डावा खांदा अजून वर आहे."

"मला इथून उजवा वाटला," मॅडम कागद कातरत म्हणाल्या.

मुलीनं बाहुलीकडं पाहिलं, मग खुर्चीकडं. "डावाच आहे. तुम्ही उलट्या बाजूला बसलाय."

बाहेर हे मोटारसायकलवर वाट बघत होते. मला तिच्यादेखत काही सांगता येईना. शेवटी तीच त्यांच्या कानाला लागली आणि पंच कसे चुकले ते तिनं सविस्तर सांगितलं. मॅडमना काय उत्तर दिलं, तेही. परतताना ह्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. रस्ता मोकळा होता.

एका वाक्यावर हुरळून जाऊ नका, असं मॅडम म्हणाल्या. आता हेच शाळेत करायचं होतं. बाई तयार झाल्या. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात सतरंजी टाकून आम्ही दोघी बसायचो आणि बाई दाराशी पाठमोऱ्या बसून आपलं काम करायच्या. पहिले काही दिवस नुसता खेळ झाला, मग कुजबुज. ती माझ्या कानात सांगायची आणि मी मोठ्यानं म्हणायची.

एकदा तिच्या वर्गातली एक मुलगी विसरलेला डबा न्यायला आली आणि आमच्यापाशी थांबली. अस्वल आणि बाहुली समोरासमोर उभी होती.

"कोण जिंकतंय?" तिनं विचारलं.

प्रश्न माझ्या मुलीलाच होता. दाराशी बाईंची पाठ ताठ झाली. उत्तर माझ्या जिभेवर आलेलं, मी ते गिळलं. मुलीनं अस्वलाचा हात सरळ केला, परत वाकवला.

"अजून कुस्ती लागायचीय," ती हळूच म्हणाली आणि सतरंजीवर थोडी सरकली. "बस."