दिवाणची घोंगडी

आमच्या आत्याला आनंद झाला की ती चिडायची. साधं हसून दाखवणं तिला कधी जमलंच नाही. ट्रिपला निघायची सकाळ असली की शनिवार पेठेतल्या तिच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमधून आवाज थेट कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जायचा. "थर्मासचं झाकण कुणी गिळलं? आणि गोटी, तू दारात काय लोळतेस, पालखी मागवू का तुला?" नवीन माणूस हे ऐकून फाटकावरूनच परत फिरला असता. गोटी आणि दिवाण, तिची दोन कुत्री, मात्र शेपट्या हलवत तिच्या पायांत घोटाळायची. त्या घरात आवाज चढला म्हणजे सगळं ठीक आहे, हे कुत्र्यांना पक्कं माहीत होतं. आत्या गप्प बसली, तर दोघं शेपटी पायांत घालून पलंगाखाली जायची.

यंदाच्या उन्हाळ्यात ती गेली. तेराव्याला जो येईल तो एकच वाक्य बोलत होता, "फटकळ होत्या, पण मनाने चांगल्या." त्या 'पण'ने माझं डोकं फिरलं, अजून जागेवर आलेलं नाही. पण कशाला? ती फटकळ होती आणि चांगली होती. खडकीच्या कारखान्यात हिशेबखात्यात तिने उभी नोकरी काढली, लग्न केलं नाही, आईबाबा गेल्यावर दादाला आणि मला तिने सांभाळलं, आणि हे सगळं ओरडत ओरडत केलं. तिने हळू आवाजात केलेली एकही चांगली गोष्ट मला आठवत नाही.

तिच्या ट्रिपांचे नियम ठरलेले होते. दरवर्षी थंडीत तिच्या जुन्या छोट्या गाडीतून आम्ही सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर करत सावंतवाडीपर्यंत जायचो. खिडक्या कुत्र्यांच्या. माणसांनी मध्ये अंग चोरून बसायचं. लग्नानंतर वहिनी पहिल्यांदा आली तेव्हा तिने खिडकीची जागा मागितली. आत्या म्हणाली, "तुला वास घेता येतो का रस्त्याचा? नाही ना? मग सरक." आणि कुणी घड्याळ बघितलं की संपलंच. "पोचायची घाई असेल त्याने एसटीने जावं. स्टँड मागेच गेला." आम्ही खंबाटकी उतरेपर्यंत दोनदा थांबलेलो असायचो, एकदा कुत्र्यांसाठी आणि एकदा तिला कुणाशी तरी भांडायचं होतं म्हणून.

गाव आलं की आधी पुस्तकांचं दुकान. अप्पा बळवंत चौक घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथे ती क्वचित जायची. "इथली पुस्तकं आपसूक खपतात," म्हणायची. गावातल्या दुकानात शिरून ती दुकानदाराला एकच प्रश्न विचारायची, "तुमच्याकडे सगळ्यांत जास्त दिवस पडून राहिलेलं पुस्तक कुठलं? ते द्या." दुकानदार गोंधळायचा. मग मागच्या फळीवरून झटकत झटकत काहीतरी यायचं, शेळीच्या आजारांवरचं किंवा कुणा निवृत्त मामलेदाराच्या कवितांचं. "इतकी वर्षं सडवलंत हे? लाज नाही वाटत?" असं त्यालाच सुनावून ती ते घ्यायची आणि पुढच्या गावापर्यंत गाडीत मोठ्याने वाचायची. मामलेदाराचं यमक चुकलं की त्याच्यावरही चिडायची. "कुत्री आत नको," असं एक दुकानदार म्हणाला, तर म्हणाली, "माणसं चालतात ना तुम्हाला? ही त्यांच्यापेक्षा कमी पानं दुमडतात."

हाताने केलेल्या वस्तूंचा तिला फार सोस. सावंतवाडीची लाकडी फळं, कोल्हापुरात समोर बसून शिवलेली चप्पल. वस्तू हातात घेऊन ती करणाऱ्याला विचारायची, "यात कुठे चुकलात ते दाखवा." त्याने हसून वाकडा टाका दाखवला की तीच वस्तू घ्यायची. पण तिचा खरा मुक्काम पुसेगावच्या पुढे एका वस्तीवर. तिथे तात्या नावाचे एक म्हातारे मागावर घोंगड्या विणायचे. घरात नवीन कुत्रं आलं की पुढच्या ट्रिपला त्याला तात्यांकडे न्यायचं, त्याच्या मापाची घोंगडी घ्यायची. घोंगडी मिळाली की कुत्रं घरचं झालं, असा आमच्याकडचा रिवाज. चिंचोक्याची खळ दिलेली ती काळी, खरखरीत घोंगडी माणसाला टोचते, कुत्र्यांना आवडते. तात्या दर वेळी बजावायचे, "बाई, हिला ऊन दावा, पानी दावू नका."

दिवाणला अशी घोंगडी मिळाली तेव्हा तो वर्षाचा होता. रस्त्यावरून घरात आला आणि पहिल्याच दिवशी आत्याच्या दिवाणावर चढून झोपला, म्हणून दिवाण. पुढे म्हातारपणी त्याचे डोळे गेले. पण घोंगडी कुठेही टाका, गाडीत, गच्चीवर, परक्या गावच्या ओसरीवर, तो वास काढत यायचा, एक गिरकी घ्यायचा आणि निवांत पडायचा. आंधळ्या कुत्र्याचं घर तेवढंच होतं. घोंगडी असेल तिथे तो घरी.

मी त्या घरातली गरीब गाय. आवाज न चढवणारी. दादा माझ्या वाटचा लाडू उचलायचा तरी मी गप्प. आत्या मला म्हणायची, "राग गिळतेस कशाला? पोटात कुजतो तो. एकदा ओरडून बघ, कुणी मरत नाही." मला जमायचं नाही.

मग आत्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि दादाने सूत्रं हातात घेतली. दादाचं बिबवेवाडीत फर्निचरचं दुकान आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्ट कुठे ठेवायची हे त्याला आपोआप कळतं असा त्याचा समज आहे. आधी त्याने तिची गाडी विकायला लावली. गेल्या थंडीत म्हणाला, "या वर्षी आपण रिलॅक्सिंग ट्रिप करू. माझ्या मोठ्या गाडीतून. आत्या, तू फक्त रिलॅक्स व्हायचं." मला त्या शब्दाचा तेव्हापासून तिटकारा आहे. कुत्री येणार ना, असं आत्याने विचारलं. "म्हणजे काय, येणारच," दादा म्हणाला. खोटारडा.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी दिवाणची घोंगडी घेऊन गेली. मशीनमध्ये घातली, वर ते सुगंधी निळं पाणी ओतलं, आणि सकाळी घडी घालून आणली. "बघा आत्या, किती मऊ झाली. केवढा वास मारत होती." तिला खरंच वाटत होतं आपण छान काम केलं. म्हणून तर जास्त संताप येतो. वाईट हेतूने केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. गाडीत मागे दिवाणसाठी ती अंथरली. त्याने नाक लावलं आणि मागे सरला. कात्रज गेलं, खंबाटकी गेली, तो उभाच. वळणावर आपटायचा आणि परत उभा राहायचा.

साताऱ्याच्या अलीकडे दादाने हायवे सोडून एका फाटकात गाडी घातली. पाटी होती कुत्र्यांच्या हॉस्टेलची. "सरप्राइज," दादा म्हणाला. "आपल्या रिसॉर्टला पेट्स चालत नाहीत. तीन दिवस हे इथे राहतील. यांनाही रिलॅक्स वाटेल." मी आत्याकडे बघितलं. आता ही दादाला फाडून खाणार, अशी माझी खात्री होती. आत्या म्हणाली, "बरं."

एवढंच. गोटीने शेपटी पायांत घातली. दिवाण तिचा आवाज शोधत मान फिरवत होता आणि आवाज येत नव्हता. गाडी परत हायवेला लागल्यावर दादा मला आरशातून म्हणाला, "बघितलंस? किती समजूतदारपणे घेतलं." दारं लावून, एसी लावून आम्ही न थांबता चाललो होतो. खिडकी मला मिळाली होती.

कऱ्हाडला मीच म्हटलं, पुस्तकांच्या दुकानाशी थांबू. आत्या काठी टेकत आत गेली. दुकानदार ओळखीचा. तिला बघून तो हसत मागच्या फळीकडे वळला, तर आत्याने काउंटरवरचं पहिलं पुस्तक उचललं, यश मिळवायच्या दहा सवयी की काय ते, आणि म्हणाली, "हे बांधा." त्या क्षणी मी घाबरले. तिला ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना घाबरले नव्हते तेवढी. मी तिचा दंड धरला. "आत्या, परत जायचंय का?"

"तो उभा असेल गं," ती म्हणाली.

दादा म्हणाला, बुकिंग आहे. वहिनी म्हणाली, आत्या, फोन करून विचारू हवं तर. मी आमच्या दोघींच्या बॅगा काढून फुटपाथवर ठेवल्या आणि म्हटलं, "तुम्ही जा. रिलॅक्स व्हा." तेही हळूच म्हटलं. ते गेले. खरोखर गेले. दुकानदाराने त्याच्या मेव्हण्याचा टेम्पो बोलावला आणि कोबीच्या पोत्यांना टेकून आम्ही साताऱ्याकडे परत निघालो. आत्या वाटभर एक अक्षर बोलली नाही.

हॉस्टेलची मुलगी दारातच म्हणाली, "मॅडम, तो बसतच नाहीये. पाणीपण नाही पिला." फरशीच्या खोलीत कोपऱ्यात ती मऊ, सुगंधी घोंगडी, आणि मध्यभागी दिवाण, चारही पाय थरथरत, उभा. आत्या जाळीपाशी गेली. तिने श्वास घेतला, आणि मग तिचा तो आवाज फुटला. "काय रे गाढवा, उभा काय राहिलास? पाय मोडून घ्यायचेत? कुणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला?" दिवाणची शेपटी हलली. तो आवाजाच्या दिशेने आला, तिच्या पावलांवर हनुवटी टेकली आणि धपकन पडला. गोटी शेजारी उड्या मारत होती. मग आत्या त्या मुलीवर चिडली, टेम्पोवाल्यावर चिडली, माझ्यावर चिडली की मी रडते कशाला. मला इतकं बरं वाटलं.

तिथून त्याच टेम्पोने आम्ही तात्यांकडे गेलो. त्यांनी घोंगडी हातात घेतली, हुंगली आणि खाली ठेवली. "पानी दावलं व्हय," एवढंच म्हणाले. त्यांनी ती पुन्हा खळीत घातली, उन्हात वाळवली, खरखरीत केली. वास मात्र त्यांच्या हातात नव्हता. "त्यो तुमचा तुमीच घाला." म्हणून आत्या, नवीन खुब्याची बाई, त्या ओसरीवर ती टोचरी घोंगडी अंगाखाली घेऊन आडवी झाली, दिवाणला पोटाशी ओढून. दुपारभर ती मामलेदाराच्या कविता पाठ म्हणत होती आणि त्याच्या यमकांना शिव्या देत होती. आम्ही दोन दिवस तिथेच राहिलो. तीच आमची शेवटची ट्रिप.

दादाने रिसॉर्टमधल्या हस्तकला कोपऱ्यातून तिच्यासाठी कीचेन आणलं. तिने उलटं करून बघितलं आणि म्हणाली, "यात कुठे चुकलेत ते सापडत नाही. परत ने." पुढे तीच घोंगडी आत्या आणि दिवाण दोघांची झाली. दिवाण गेला तो तिच्यावरच, आत्याच्या कुशीत. मग गोटी तिथे झोपू लागली. आणि उन्हाळ्यात आत्याही गेली.

तेराव्यानंतर आम्ही फ्लॅट आवरायला गेलो. गोटी घोंगडीवर पडून होती. आत्या गेल्यापासून ती तिथून उठत नव्हती, शेजारच्या काकूंनी ताटली पुढे सरकवली तर दोन घास खायची. दादा स्वयंपाकघरात हळू आवाजात फोनवर बोलत होता. सगळेच हळू बोलत होते, सगळ्या घरात नुसती कुजबुज. तेवढ्यात वहिनी वाकली, घोंगडीचं टोक धरलं आणि गोटीच्या अंगाखालून ओढायला लागली. "शी, काय वास मारतेय. मी धुऊन देते, मग तू गोटीला घेऊन जा."

"सोड ती," मी ओरडले. "हात लावशील तर बघ. एकदा धुतलीस तेवढं पुरे नाही झालं? अक्कल गहाण टाकलीय का सगळ्यांनी? आणि दादा, तू काय बघतोस दारात उभा राहून? हॉस्टेल शोधतोयस?" माझा आवाज भिंतीवर आपटून मलाच परत ऐकू आला. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत गेला असणार. वहिनीच्या हातून टोक सुटलं.

गोटीचे कान उभे राहिले. ती उठली. आधी तिने दाराकडे बघितलं, बराच वेळ. मग माझ्याकडे आली, पायांत घोटाळली, आणि तिची शेपटी हलायला लागली.

"काय गं, उठलीस एकदाची? का पालखी मागवू?"

शेपटी जोरात हलली. मग मी आणखी ओरडले.