दारातून वाचता येणारा हापूस

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कॉम्प्युटरचं नेमकं काय शिकते, हे घरी सांगायला जायचे आणि अडखळायचे. मुंबईचे काका म्हणायचे, "तिला डी.एड.ला घाल." बाबा म्हणाले, "आधी बघून तर येतो." आणि एका दुपारी पावस गावाहून आणलेल्या आंब्याच्या पेट्या ट्रकवर चढवून ते तसेच आमच्या लॅबमध्ये आले. शर्टाला पेटीतलं गवत चिकटलेलं.

मी आमच्या बागेचं वेब पान केलं होतं. अक्षरं मोठी करायची तर ओळीआधी कंसात 'बिग' लिहायचं आणि ओळ संपली की तिरकी रेघ देऊन पुन्हा 'बिग', म्हणजे वाढ तिथं थांबते. घाईत मी ती रेघ एकदाही दिली नव्हती. पान उघडलं तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा मोठी! पहिली 'आमची बाग' एवढीशी आणि शेवटचा 'हापूस' पडदाभर पसरलेला.

माझे कान तापले. "बाबा, चुकलंय. नीट करते."

"हात नको लावू गो!"

बाबा पडद्याकडे बघत मागे मागे जायला लागले. पेटीवर पत्र्याचा साचा ठेवून ब्रशनं मार्का मारला की ते असेच मागे सरकतात. वाशीच्या बाजारातल्या गर्दीत तो लांबून दिसायला हवा ना. खुर्च्यांना धडकत ते थेट दारात पोचले आणि ओरडले, "हापूस! चष्म्याशिवाय!"

सगळी लॅब हसली. मग मलाही हसू आवरेना. मी भराभर रेघा घातल्या, तर अक्षरं एका मापाची होऊन शहाण्यासारखी बसली.

"आता बारीक का केलंस?"

"परत मोठी होतात."

"कर बघू."

मोठी. बारीक. पुन्हा मोठी. बाबांनी व्हरांड्यातल्या शिपाईकाकांना हाक मारली. "या हो, बघा! आमचा पत्र्याचा साचा एकदा कापला की कापला. आणि ही फुगवते काय, बसवते काय!"

"तुमचीच पोर ना? मग मला काय दाखवता?" शिपाईकाका म्हणाले, पण तेही बघत राहिले.

नंतर नाक्यावरच्या एसटीडी बूथमधून बाबांनी मुंबईच्या काकांना फोन लावला. मी काचेबाहेर ओढणीचं टोक पिळत उभी.

"डी.एड. नाय. हितंच शिकंल ती."

पलीकडून काकांनी विचारलं असावं, ती शिकते तरी काय. बाबा क्षणभर अडखळले, अगदी माझ्यासारखे. मग काचेतून माझ्याकडे बघत म्हणाले, "अक्षरं वाढवते रे. आणि थांबवते पण!"