अळणी रविवार आणि जिवतीचा चढ

बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत माझी नात वैशू शेवटाला ओकून रस्त्यावर पडली. त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. एकीकडे वैशूची आई, माझी सून मंदा, तिचं माहेर आणि अर्धं गाव, त्यांचं म्हणणं पोरीचं पळणं बंद. दुसरीकडे मी एकटी. सगळे म्हणत अशक्तपणा आहे. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकणारी पोरगी अशक्त कशी?

जिवतीच्या डोंगरात एका कॉलेजच्या मॅडम लांब पळणाऱ्यांचा घाम तपासतात, अंगातलं पाणी किती जातं, मीठ किती जातं ते पाहतात, असं वैशूच्या मोबाईलवर आलं. मी पिशवी भरली. मंदा म्हणाली, तिथं काही निघालं तर पळणं कायमचं सुटलं. मी म्हटलं, चालेल, पण ते मॅडम सांगतील, तुझं माहेर नाही.

आमच्या मुलचेऱ्याहून सकाळची एसटी धरा, बायांना अर्धं तिकीट. आष्टीला वैनगंगेचा पूल लागतो, तेव्हा खिडकीकडं बसा. गोंडपिपरीला आलूबोंडे गरम मिळतात, चहा मात्र राजुऱ्यापर्यंत लांबवा. कंडक्टरनं विचारलं, "बाई, एवढ्या लांब काऊन चालल्या?"

"नातीचा घाम मोजाले."

"घाम मोजाले पैसे लागतात का?"

"नाई भाऊ, तुझ्या गाडीत बसालेच लागतात."

गडचांदूरपर्यंत ट्रकांच्या मागं धूळ खात जायचं. पुढं घाट चढला की हवा बदलते, ज्वारी-तुरीची वावरं दिसतात. मुक्काम शाळेच्या खोलीत होता. चादर घरूनच न्या, फरशी थंड असते. ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण पोटभर मिळालं. वैशूनं मात्र नुसता भात खाल्ला. मला वाटलं, पळायच्या आधी पोट हलकं ठेवते.

दुसऱ्या दिवशी रविवार. पळायच्या आधी तिथं आलेल्या सगळ्या पोरांचं वजन केलं, हातावर-पाठीवर घाम टिपायच्या पट्ट्या लावल्या, पाण्याच्या बाटल्यासुद्धा तोलल्या. पोरं चढ-उतार करत राहिली, मी दगडावर बसून पाय दाबत राहिले. परत आल्यावर पुन्हा काटा. बाकी सगळे हलके झालेले. वैशू जड.

पळून वजन वाढलेलं मी तर कुठं पाहिलं नव्हतं. मॅडमनी आधी तिच्या हातातली बाटली काढून घेतली, लघवी होईपर्यंत पाणी बंद म्हणाल्या. डोकं दुखतं का विचारलं. दुखत होतं. मग विचारलं, खाल्लं काय?

वैशू माझ्याकडं पाहून म्हणाली, "रविवार अळणी आहे माझा. त्या शर्यतीआधी मायनं सूर्याले नवस बोलला, पहिला नंबर येईपर्यंत."

शनिवारच्या रात्रीपासून मीठ बंद, आणि मायलेकींनी मला पत्ता लागू दिला नव्हता. शर्यतही रविवारचीच होती.

मॅडमनी मला समजेल असं सांगितलं. शर्यतीत तहान नसताना पाण्याच्या हर टेबलावर ही गटागटा पाणी पिते. घामात मीठ जातं, वरून पाणीच पाणी, म्हणजे रक्तातलं मीठ पातळ होतं. मग भोवळ, ओकारी, जास्त झालं तर जीव जातो. ती पडली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तिला आणखी पाणीच पाजलं होतं. पळणं सोडायची गरज नाही, मॅडम म्हणाल्या. तहान असेल तेवढंच पाणी पी, मीठ सोडू नको.

आता अडली ती वैशूच. मिठाचं वरण समोर, हात मांडीवर.

"नवस मोडला तर, आजी?"

"सूर्याले तुझा नंबर पाहिजे का जीव, ते मी त्यालेच विचारीन. तू जेव."

ती जेवली. मी समोरून हलले नाही.

घरी आल्यावर मंदानं कपाळाला हात लावला. देवाचा कोप व्हायचा म्हणाली. मी म्हटलं, नवस मोडला नाही, अंगावर घेतला. बीपीचा डॉक्टर कधीपासून मीठ कमी करा म्हणून माझ्या मागं आहे. रविवारचं माझं ताट अळणी. देव काही बोलला तर मला बोलेल, मी ऐकून घेईन आणि उत्तरही देईन.

 रविवारी पहाटे मंदानंच वैशूच्या पेजेत चिमटीनं मीठ टाकलं आणि माझी वाटी बाजूला काढली.

अळणी पेज गिळवत नाही, खरं सांगते. दारातल्या ओट्यावर बसून मी एकेक घोट उतरवत होते, आणि पोरगी सडकेनं पळून राह्यली होती.