सूर्यावरची तपकीर

या सदरात लोक चिंचेवरच्या हडळींबद्दल आणि अमावास्येच्या पैंजणांबद्दल लिहितात. मी वाचतो, पान उलटतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही... पंचाईत आहे ती तिथेच. कारण माझ्या बाबतीत जे घडलं ते सकाळी नऊ वाजता, लख्ख उन्हात घडलं. त्यात भूत नव्हतं. लपून बसलेलं कुणी असेलच, तर तो मी होतो.

मी बेंगळुरात, चामराजपेटेत कॅमेरे दुरुस्त करतो. आमचं घराणं इथे इतकं जुनं, की मराठी फक्त घरात उरलीय आणि तीही निम्मी कन्नड. तेव्हा भाषेला हसू नये.

गोष्ट चौपन्न सालची. दुकान टाकून मला वर्षसुद्धा झालं नव्हतं. बसवनगुडीतल्या एका कॉलेजच्या गच्चीवर सरकत्या छपराची पत्र्याची खोली होती. आत दुर्बीण, आणि तिच्या बुडाला जोडलेला जुना लाकडी कॅमेरा – भात्याचा. रोज सकाळी नऊला त्यातून काचेच्या प्लेटवर सूर्याचा फोटो घ्यायचा. फिजिक्सचे प्रोफेसर हे हौसेने करत. त्यांना आपण नुसतं ‘सर’ म्हणू. सरांना सूर्यावरचे डाग मोजायचे होते आणि नेमके त्या वर्षी सूर्यावर डागच नव्हते! वहीत आठवडेच्या आठवडे एकच नोंद – ‘डाग नाही’. माणूस चिडचिडा होणारच.

त्यांच्या हाताखाली मुनियप्पा नावाचा अटेंडर. पन्नाशीचा. छप्पर सरकवणं, दुर्बिणीचं पितळी झाकण काढणं, प्लेट धुणं – अठरा वर्षं हेच. झाकण काढण्याआधी तो सूर्याला हात जोडायचा.

“अरे, तो पेटलेल्या वायूचा गोळा आहे,” सर म्हणायचे.

“असेल सामी. पण या कॉलेजात रोज वेळेवर येणारा तो एकटाच.”

प्लेटा एका बाजूने धुरकट यायला लागल्या. सरांनी ठरवून टाकलं, की मुनियप्पाची दोशाच्या लोण्याची बोटं प्लेटेला लागतात. मुनियप्पा म्हणाला, लोण्याचा दोसा मी शेवटचा खाल्ला तो पोरीच्या लग्नात. शेवटी मला बोलावलं.

दोष शोधणं कठीण नव्हतं. खिडक्या लावून खोलीत अंधार केला आणि भात्यात छोटा बल्ब सोडला. घडीवर चांदणी चमकली! टाचणीएवढं भोक, तिथून ऊन आत शिरत होतं. काळ्या पातळ कातड्याचं ठिगळ चिकटवलं. खिडक्या उघडल्या, शटर पेट्रोलने धुतलं. मग प्लेटेच्या अगदी पुढे एक साधी काच असते, दोन बारीक रेघा ओढलेली, ती पुसली. मुनियप्पा दारात माझ्याकडे पाठ करून चिंचेने झाकण घासत बसला होता. काम झाल्याच्या खुशीत मी तपकिरीची चिमूट ओढली. शिंक आली. रुमाल वेळेवर पोचला... असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सरांनी माझ्यासमोर नऊची प्लेट धुऊन उजेडात धरली. धूर साफ गेलेला. निगेटिव्हवर सूर्य काळा दिसतो. तो कसा काळाकुळकुळीत, पेढ्यासारखा गोल! आणि त्याच्या डाव्या अंगाला एक पांढरा ठिपका. शेपटीवाला. एकच.

“काल मी कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून पाहिली होती,” सर म्हणाले. “काहीही नव्हतं. मुनियप्पा! काचेला हात लावलास?”

“नाही सामी.”

“मग हे काय आहे?”

मुनियप्पाने प्लेट बघितली. मग वर बघितलं – तोवर ढग आले होते.

“डाग सूर्यावर आहे सामी.”

“म्हणजे चूक सूर्याची?”

“हो सामी.”

सर इतके भडकले, की थेट इंग्रजीत गेले. मग मला म्हणाले, “मेस्त्री, ती काच पुसा. उद्याच्या प्लेटवर डाग नसला, तर ती याचीच घाण. सोमवारपासून हा सायकल-स्टँडवर.”

अठरा वर्षं सूर्य सांभाळलेल्या माणसाने पोरांच्या सायकली सांभाळायच्या.

मी कॅमेरा उघडून भिंग लावलं. काचेच्या डाव्या अंगाला एक तपकिरी कण बसला होता. शेपटीवाला. वासाचीसुद्धा गरज नव्हती... माझाच ब्रँड.

तेव्हाच बोलायला हवं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. पण नवं दुकान. आणि ‘मेस्त्री यंत्रात शिंकतो’ ही बातमी चामराजपेटेत माझ्याआधी पोचली असती. मी रुमाल काढला, कण टिपला आणि म्हणालो, “स्वच्छ झालं, सर.”

म्हणजे उद्याची प्लेट कोरी येणार, मुनियप्पा जाणार, आणि त्याला घालवणारा हात माझा. घरी जेवण गेलं नाही. “अहो, स्वल्प भात तरी घ्या,” बायको म्हणाली. मी म्हणालो, पोट बिघडलंय. एका अर्थी खरं होतं.

शुक्रवारी गच्चीचा जिना चढताना मी ठरवलं, आज सांगायचं. वर पोचल्यावर ठरवलं, प्लेट धुतली की सांगायचं. मुनियप्पाने हात जोडले – नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ – आणि झाकण काढलं. फोटो झाला. सरांनी ओली प्लेट वर धरली.

मग उलटून पुन्हा धरली.

डाग होता. तोच, शेपटीसकट. फक्त मधल्या अंगाला तुरीच्या दाण्याएवढा सरकलेला.

सरांनी धावत जाऊन दुर्बिणीमागे पांढरा कागद धरला. सूर्य उतरला कागदावर, आणि त्यात तो डाग! सर अक्षरशः नाचले. आपल्या थर्मासातली कॉफी त्यांनी स्वतःच्या हाताने मुनियप्पाला दिली. माफी मागण्याची त्यांची पद्धत तेवढीच. मुनियप्पा कॉफी पिऊन म्हणाला, “साखर कमी आहे, सामी.”

पुढे आठ दिवस डाग रोज सरकत गेला आणि उजव्या कडेवरून दिसेनासा झाला. सरांनी सगळ्या जागा जोडून रेघ काढली. गुरुवारची जागा तिच्यात चपखल बसली.

इथेच माझं डोकं चालत नाही. डाग खरा होता असं धरलं, तर गुरुवारच्या प्लेटवर माझ्या तपकिरीची सावली कुठे गेली? मी ती काचेवरून टिपलीय, या हातांनी. आणि तो ठिपका तपकिरीचा होता म्हटलं, तर सूर्यावरचा डाग कुठे गेला? ठिपका एकच होता. कण बरोबर त्याच डागावर बसला, शेपटीला शेपटी लावून? वर्षभर कोऱ्या असलेल्या सूर्यावर? सांगा कुणीतरी.

तपकीर मी त्या शुक्रवारी सोडली. बायकोला वाटतं, तिच्या शपथेमुळे. सरांना मी आजवर सांगितलेलं नाही. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहायचं धाडस झालं – हेही कबूल करून टाकतो.

मुनियप्पाला मात्र सांगितलं, तो रिटायर झाला त्या दिवशी. गळ्यात हार घालून फाटकाशी उभा होता.

“मुनियप्पा, तो पहिला डाग... माझी तपकीर होती.”

“गोत्तु,” तो म्हणाला. ठाऊक आहे. “शिंकताना बघितलं की. घासलेल्या झाकणात दिसलात.”

माझे कान तापले. “मग सरांना का नाही सांगितलंत?”

“तुमचं दुकान नवं. सरांनी नावं ठेवली असती तर कोण आलं असतं तुमच्याकडे? म्हणून त्याच्यावर ढकललं.” त्याने वर बोट केलं. “त्याला कोण पाठवतंय सायकल-स्टँडवर?”

“पण दुसऱ्या दिवशी खरा डाग आला कुठून?”

मुनियप्पाने हार काढून हातात घेतला, जरा विचार केला.

“ते मला नाही ठाऊक, मेस्त्री. मी सकाळी हात जोडताना एवढंच म्हटलं – काल तुझ्या नावावर खोटं बोललोय, स्वल्प सांभाळून घे.”